रांगडं स्वयंपाकघर: आधी दिवा, मग लाकूड

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं की बहुतेक जण लाकूड, दगड आणि टाइल बघत हिंडतात. दिव्यांची आठवण होते ती गिलावा सुकल्यावर. रांगड्या धाटणीचं स्वयंपाकघर करायचं असेल तर हा क्रम उलटा करा. त्याचं सारं रूप तपकिरी, विटकरी, मातकट रंगांत आणि खडबडीत पृष्ठभागांत असतं, आणि या दोन्ही गोष्टी दिवा चुकला की पार मरतात. म्हणून लाकडाचा पहिला तुकडा घरी येण्याआधी बल्ब आणून ठेवा.

बल्बच्या खोक्यावर वॅट सोडून तीन गोष्टी वाचायच्या. पहिली केल्विन, म्हणजे प्रकाश किती पिवळसर ते. लाकूड आणि विटेसाठी 2700 ते 3000 केल्विन योग्य. 4000 वर तपकिरी रंगात राखाडी झाक येते आणि 6500 च्या पांढऱ्याफेक उजेडात वीट निर्जीव दिसते. उलट टोकाला ते काचेतून तार दिसणारे 2200 केल्विनचे बल्ब आहेत. कोपऱ्यात एखादा लावला तर सुंदर दिसतो, पण ओट्यावर लावू नका, सगळंच नारिंगी होऊन जातं. दुसरी गोष्ट सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतील त्याचा आकडा. तो 90 च्या वर हवा. पण एवढ्यावर थांबू नका. सीआरआय ही आठ फिकट रंगांची सरासरी असते आणि गडद लाल रंग त्या आठांत नसतोच. त्याचा आकडा वेगळा असतो, त्याला आर 9 म्हणतात. वीट, तांबं, मातीची फरशी, लालसर लाकूड या सगळ्यांचा जीव याच आकड्यात असतो, त्यामुळे आर 9 निदान 50 असलेला बल्ब शोधा. खोक्यावर नसेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघा. तिसरी गोष्ट ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड किती. त्याचा हिशेब पुढे येतो. एका खोलीसाठी सगळे बल्ब एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी घ्या, दोनचार जास्तीचे.

आता नमुने. हातभर लांबीची फळी, तिच्यावर जे पॉलिश करायचं तेच पॉलिश केलेलं. दगडाचा तुकडा. चार टाइल, मध्ये खरा ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचा मसाला भरून, कारण ग्राउटचा रंग बदलला की टाइलही वेगळी वाटू लागते. रंग भिंतीवर न लावता मोठ्या पुठ्ठ्यावर लावा, म्हणजे तो हलवता येतो. एक मूठ, एक बिजागरी. यांतलं जे उभं बसणार ते उभं धरून बघा आणि जे आडवं बसणार ते आडवं ठेवून. तळहातावर घेऊन पाहिलेला कपाटाचा नमुना फसवतो. सकाळी, दुपारी आणि रात्री निवडलेल्या बल्बखाली, असं तीनदा बघा. दिवसा अगदी जुळणारे दोन तपकिरी रात्री एकमेकांशी भांडू शकतात. मी एकदा कपाटाचं लाकूड आणि फळ्यांचं लाकूड दुपारच्या उजेडात जुळवून पसंत केलं होतं. पहिल्याच रात्री एक हिरवट दिसलं आणि दुसरं लालसर, आणि तोवर दोन्ही कापून झाली होती. ती चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून रात्रीची पाहणी टाळू नका असं इतक्या आग्रहाने सांगते आहे.

जुनं स्वयंपाकघर तोडण्याआधी एक संध्याकाळ तिथे काढा. फक्त छतातला दिवा लावा आणि ओट्यापाशी उभं राहा. तुमची सावली नेमकी हातातल्या सुरीवर पडते की नाही बघा. मधोमध एकच दिवा असलेल्या खोलीत हे होणारच, कारण उजेड पाठीमागून येतो. उपाय म्हणजे वरच्या कपाटाच्या किंवा फळीच्या तळाला एलईडीचा पट्टीदिवा. तो मागे भिंतीकडे न लावता पुढच्या कडेजवळ लावा, म्हणजे उजेड ओट्याच्या मध्यावर पडतो. किती हवा? चिरण्या-निवडण्याच्या जागी 300 ते 500 लक्स धरा. लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पोहोचणारे ल्युमेन. ओटा 2.4 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ 1.44 चौरस मीटर. 500 लक्ससाठी 720 ल्युमेन ओट्यापर्यंत पोहोचायला हवेत. काही उजेड झाकणात अडतो, काही इकडेतिकडे सांडतो, म्हणून 1000 ते 1200 ल्युमेनची पट्टी घ्या. ती दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम पन्हळीत बसवा. उघडी पट्टी लावली आणि दगड चकचकीत असला, तर ओट्यावर ठिपक्यांची रांग उमटते आणि नजर सारखी तिकडेच जाते. दगड मॅट घासलेला असेल तर हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. दिवा आणि दगड एकत्र का ठरवायचे याचं यापेक्षा सरळ उदाहरण माझ्याकडे नाही.

छतात गडद लाकडी तुळया येणार असतील तर एकूण उजेड वाढवून धरा. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला बराचसा परत देते, गडद लाकूड मात्र बहुतेक गिळून टाकतं. लटकत्या दिव्यांची खालची कड ओट्यापासून 75 ते 90 सेंटिमीटर वर ठेवा आणि बल्ब डोळ्यांना थेट दिसणार नाही अशी शेड निवडा. शेडचा आतला रंगही बघा. आतून तांब्याची असेल तर उजेड आणखी तांबूस होतो. वेताच्या, विणलेल्या शेड शेगडीपासून लांब. त्यांत तेलकट धूळ बसली की निघत नाही.

विटांची किंवा दगडी भिंत उठून दिसायची असेल तर दिवा भिंतीजवळ, 15 ते 30 सेंटिमीटरवर घ्या, म्हणजे उजेड भिंतीला घासून खाली उतरतो आणि प्रत्येक उंचवट्याला स्वतःची सावली मिळते. तोच दिवा समोरून टाकला तर भिंत सपाट कागदासारखी दिसते. मात्र हाच घासता उजेड साध्या गुळगुळीत गिलाव्यावर पडला की थापीचा प्रत्येक फटकारा उघडा पाडतो. म्हणून कुठल्या भिंतीला असा उजेड येणार हे गवंड्याला गिलाव्याआधी दाखवून द्या.

वायरमनला तीन वेगळी बटणं सांगा: ओट्याचे दिवे, छतातले, आणि शोभेचे. मंद करायचं बटण हवं असेल तर ते आणि ठरलेला बल्ब आधी एकत्र जोडून बघा. न जुळणारी जोडी लुकलुकते किंवा गुणगुणते. भिंत बुजवण्याआधी वायरींच्या नळ्यांचे फोटो काढा, बाजूला मोजायची टेप उलगडून धरा. पुढे फळी ठोकताना ते फोटो फार कामाला येतात.

आता पृष्ठभाग. माझा एक नियम आहे आणि तो मी मोडू देत नाही: जिथे हात आणि तेल पोहोचतं तिथे गुळगुळीत, जिथे फक्त नजर पोहोचते तिथे खडबडीत. शेगडीमागे उघडी वीट लावू नका. तिथे हाताने घडवल्यासारखी जराशी लाटदार, पण चकाकी चढवलेली टाइल लावा. रूप तेच राहतं आणि फडक्याने पुसता येतं. वीट दुसऱ्या भिंतीला ठेवा आणि तीही मॅट सीलरने, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या बिनचकाकीच्या लेपाने बांधून घ्या, नाहीतर भुकटी झडत राहते.

लाकूड पाण्यापासून आणि डागांपासून राखायचे मुख्य मार्ग दोन. तेल आत मुरतं. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल देता येतं, पण अधूनमधून ते द्यावंच लागतं. पीयूसारखा (पॉलीयुरेथेन, प्लास्टिकसारखं पॉलिश) थर वर बसतो. पाणी चांगलं अडवतो, पण एकदा फुटला की बहुधा सगळा घासावा लागतो. हाताखालच्या फळ्यांना मी तेल देईन, आणि सिंकजवळ शक्यतो लाकूडच घेणार नाही. तपासणी सोपी आहे: थेंबभर पाणी टाका, तो मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, मुरला तर पुन्हा हात द्यायला हवा. जवसाचं तेल वापरत असाल तर हे सुताराला स्वतः सांगा: तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवायच्या, किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या.

जुनं लाकूड पुन्हा वापरणार असाल तर खिळे शोधा, बारीक भोकांतून पीठ सांडतंय का बघा, म्हणजे कीड जिवंत आहे का ते कळतं. जुना रंग तपासल्याशिवाय घासू नका. त्यात शिसं असू शकतं आणि ती धूळ मुलांसाठी फार घातक असते. लाकूड आडव्या अंगाने फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे लाकडी ओटा सांगाड्याला पक्का चिकटवू नका; लांबट भोकांतून स्क्रू घाला.

दगडाच्या तुकड्यावर लिंबाचा रस आणि तेल रात्रभर ठेवा. संगमरवर आणि चुनखडक आम्लाने कोरले जातात, ग्रॅनाइट सहसा तग धरतो. सीलर डाग अडवतो, पण हे कोरणं अडवत नाही. हा फरक न सांगता पुष्कळदा संगमरवर विकला जातो. मातीची फरशी पाणी पिते, तिला बसवण्याआधी एकदा आणि ग्राउट भरल्यावर पुन्हा सील करा. फरशीचा तुकडा ओला करून त्यावर अनवाणी उभं राहून पाय घसरतो का बघा.

मुठी-नळांसाठी दोनच धातू पुरेत. लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप नसलेलं पितळ काळवंडत जातं. ते आवडणार असेल तरच घ्या.

सगळं बसल्यावर उरलेल्या टाइल, तेलाचा अर्धा डबा, रंगाचा क्रमांक आणि बल्बचं रिकामं खोकं एका कपाटात ठेवा. आणि छतातले दिशा वळवता येणारे दिवे पक्के करायच्या आधी वायरमनला अंधार पडेपर्यंत थांबवून घ्या: एकाने शिडीवर, एकाने ओट्यापाशी, एकाने बसायच्या जागी थांबायचं, म्हणजे कुणाच्याही डोळ्यांत उजेड न जाता तो विटेवर उतरतोय का, हे तिथल्या तिथे बघता येईल.