‘तसं काही नाही ना?’

मानसिक आरोग्य आणि समाजसेवेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात थिअरीची धास्ती घेऊ नका. आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही बाजूंनी बघणारं एंगेलचं १९७७ चं बायोसायकोसोशल मॉडेल वगैरे वाचून होतं. माणूस आपटतो फील्डवर्कला, आणि तिथेही प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे क्लायंटशी झालेलं बोलणं नंतर शब्दशः वहीत लिहून काढण्यात.

मला पहिल्याच सत्रात पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची प्रश्नावली, भरून घ्यायला दिली होती. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. आठ प्रश्न शब्दशः वाचले. नववा मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. समोरच्या बाई आईच्या वयाच्या. जीभच रेटेना. कागदात बघत म्हटलं, ‘आणि ते... जिवाचं बरंवाईट वगैरे, तसं काही नाही ना?’ त्या ‘नाही’ म्हणाल्या. मी ० लिहिला. बेरीज ८, म्हणजे सौम्य. सुटले!

रात्री रेकॉर्डिंगमध्ये मात्र नववा प्रश्न छापील शब्दांत लिहिला. खोटं लिहितेय असं वाटलंही नाही, अर्थ तोच ना! पण अर्थ तो नव्हता. ‘नाही ना?’ म्हणताना उत्तर मीच देऊन टाकलं होतं. बाईंनी फक्त माझी सोय पाहिली.

सुपरव्हायझर मॅडमनी वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. ‘हे तुझे शब्द नाहीत. तुझे सांग.’ सांगितले. त्यांनी तिथूनच फोन लावून बाईंना दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि प्रश्न सरळ विचारला. बाई बराच वेळ चष्म्याची काडी उघडमीट करत राहिल्या. मग, ‘येतात. कधीकधी.’ ० चा १ झाला. बेरीज ९, तरी सौम्यच! म्हणून म्हणते, बेरजेवर जाऊ नका. नवव्याचं उत्तर शून्य नसेल, तर एकूण आकडा काहीही असो, तिथे थांबून खोलात विचारायचं आणि त्याच दिवशी सुपरव्हायझरच्या कानावर घालायचं.

उघड विचारल्याने असा विचार डोक्यात भरवला जात नाही, हे संशोधनातून पुढे आलेलं आहे. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून एवढी घाबरले.

रेकॉर्डिंग भेट संपल्या संपल्या लिहा, तुमच्या तोंडून निघालेल्या वेड्यावाकड्या वाक्यांसकट. सीनियर्सच्या तयार वह्या फिरतात, त्यांना हात लावू नका. त्यात कुणी अडखळतच नाही! आणि दर आठवड्याला नुसतं ‘छान लिहिलंस’ म्हणणारा सुपरव्हायझर मिळाला तर खूश होऊ नका. माझ्या मते तो वाचतच नसतो.

बाकी, पहिल्या वर्षी सगळेच अडखळतात. त्यावरून कुणी कोर्समधून काढत नाही. लपवाछपवी मात्र महागात पडते.

अजूनही नवीन क्लायंट असला की मी जिन्यात उभी राहून नववा प्रश्न एकदा मोठ्याने म्हणते. येणारेजाणारे वळून बघतात.