सप्ताह बसण्याआधी: दोन कॉम्प्युटर जोडून ठेवायची तयारी

अखंड हरिनाम सप्ताहात सात रात्री सात कीर्तनं होतात आणि आठव्या दिवशी काल्याचं. प्रत्येकी दोन तास धरले तर एका कॅमेऱ्याचं १६ तासांचं चित्रीकरण जमतं. ४के चित्रीकरण सेकंदाला ५० मेगाबिटने केलं तर तासाला साडेबावीस जीबी, म्हणजे सगळं मिळून ३६० जीबी. आमच्या गावच्या सप्ताहाचं संकलन मी घरीच करतो. हाताशी ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोजचा डेस्कटॉप आणि एक जुना मॅकबुक आहे, आणि दोन्ही जोडून काम वाटून घेतो. एकदा वीणा उभी राहिली की केबल शोधायला कुणाला सवड नसते, म्हणून पुढचं सगळं आठ दिवस आधीच उरकून ठेवायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. दोन कॉम्प्युटर जोडले म्हणून त्यांचा मिळून एक मोठा कॉम्प्युटर होत नाही. एका व्हिडिओचा एक्स्पोर्ट (संकलन झाल्यावर तयार फाइल काढणं) अर्धा इकडे, अर्धा तिकडे आपोआप वाटला जात नाही. काम फाइलवार वाटावं लागतं आणि ती वाटणी आपणच करायची असते. हे आधीच ध्यानात घेतलं तर नको त्या सॉफ्टवेअरच्या मागे दोन संध्याकाळी जात नाहीत.

आता केबल. वायफायवर एवढ्या फाइली हलवायच्या भानगडीत पडू नका. राउटर दुसऱ्या खोलीत असला की वेग कधी किती मिळेल याचा भरवसा नसतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ची केबल घ्या आणि दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिटचे (सेकंदाला १००० मेगाबिट) आहेत ना ते बघा. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे दोन तासांचं ४५ जीबीचं कीर्तन सात मिनिटांत पलीकडे जातं. केबलमधल्या आठ तारांपैकी फक्त गिगाबिटलाच लागणाऱ्या चारांतली एक जरी तुटली असली, किंवा राउटरचा पोर्ट जुन्या १०० मेगाबिटचा असला, तर त्याच फाइलला तासाहून जास्त लागतो. गंमत म्हणजे केबल चालू असल्याचा दिवा तेव्हाही लागलेलाच असतो, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतोय का, हे डोळ्यांनी बघून घ्या. मॅकबुकला लॅनचा पोर्ट नसेल तर यूएसबी ३चा गिगाबिट अडॅप्टर आणा. यूएसबी २चा आणलात तर ४८० मेगाबिटच्या वर तो जाऊच शकत नाही.

राउटर गिगाबिटचा नसेल तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (केबली एकमेकींना जोडणारी डबी) मध्ये बसवा, किंवा दोन्ही मशीन एकाच केबलने थेट जोडा. थेट जोडताना दोन्हीकडे नेटवर्कचे (आयपी) पत्ते हाताने भरलेले बरे: एकीकडे १९२.१६८.५०.१, दुसरीकडे १९२.१६८.५०.२, आणि सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. राउटरमधून जोडणार असाल तर फाइली असलेल्या मशीनचा पत्ता राउटरमध्येच कायमचा बांधून घ्या. नाहीतर एखाद्या सकाळी तो बदललेला असतो आणि काल उघडलेला फोल्डर आज सापडत नाही.

फाइली एकाच ठिकाणी ठेवायच्या. मी त्या डेस्कटॉपच्या एसएसडीवर ठेवतो, कारण साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर दोन मशीन एकाच वेळी वाचायला लागली की तिचं डोकं इकडून तिकडे धावत राहतं आणि दोघांचीही गती पडते. फोल्डर शेअर करण्याआधी विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि फक्त या कामासाठी पासवर्ड असलेलं वेगळं खातं काढा. इथे पुष्कळ जण अडतात. रोज कॉम्प्युटर उघडायला जो पिन टाकतो तो नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के दाबून एसएमबीचा पत्ता (smb:// आणि पुढे डेस्कटॉपचा पत्ता) टाकला की फोल्डर दिसतो. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) असली तरी चिंता नको. तीच डिस्क थेट मॅकला लावली तर त्यावर लिहिता येत नाही, पण नेटवर्कमधून येताना लिहिण्याचं काम विंडोजच करतो.

फोल्डरची रचना दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. दिवस १ ते दिवस ८, प्रत्येकात मूळ, प्रॉक्सी (संकलनापुरती केलेली मूळ चित्रीकरणाची हलकी प्रत) आणि ध्वनी असे तीन फोल्डर, बस. नावांत प्रश्नचिन्ह, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके किंवा तिरकी रेघ घालू नका, विंडोज ती चालवून घेत नाही. डेस्कटॉपवर हा फोल्डर त्याच्या डिस्कच्या अक्षराखाली (उदा. डी ड्राइव्ह) दिसेल आणि मॅकवर व्हॉल्यूम्सखाली, त्यामुळे संकलनाचा प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडला की तो फाइली हरवल्या म्हणतो. आतली रचना सारखी असेल तर पहिली फाइल दाखवल्यावर बाकीच्या बहुधा तो स्वतःच शोधून काढतो. प्रोजेक्टची फाइल मात्र एका वेळी एकाच मशीनवर उघडायची, आणि कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) ज्याचा त्याच्याकडेच ठेवायचा.

अक्षरांची तयारी मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कीर्तनात अभंगाचे चरण पडद्यावर येतात आणि तिथे एक वेलांटी चुकली तरी ऐकणाऱ्याच्या मनाला लागतं. जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये बसवलेली ओळ दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून युनिकोडच घ्या. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त उपलब्ध असलेला ‘मुक्त’ फॉन्ट मी वापरतो आणि एकच फॉन्ट फाइल दोन्हीकडे बसवतो. संकलनाला प्रीमियर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ग्राफिक्सच्या पसंतींमध्ये (प्रेफरन्सेस) साउथ एशियन टेक्स्ट इंजिन दोन्ही मशीनवर चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

आता ताकदीची वाटणी. दहा मिनिटांची एक क्लिप घ्या आणि तिची ७२०पी प्रॉक्सी दोन्ही मशीनवर करून घड्याळ लावा. समजा डेस्कटॉपला चार मिनिटं लागली आणि मॅकबुकला बारा. मग वाटणी तीनास एक: सहा कीर्तनं डेस्कटॉपला, दोन मॅकबुकला. दोघंही पावणेपाच तासांच्या आसपास एकदमच मोकळे होतात. एकट्या डेस्कटॉपला साधारण साडेसहा तास लागले असते. म्हणजे वाचतात दीड-पावणेदोन तास, त्याहून जास्त नाही. माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. रोज रात्रीच्या कीर्तनाची प्रॉक्सी मॅकबुक एकटा करत बसतो आणि डेस्कटॉप कापाकापीला मोकळा राहतो. या कामाला नेटवर्कचा भारही फारसा पडत नाही, मॅकबुक सेकंदाला जेमतेम ४० मेगाबिट ओढतो. त्यामुळे मूळ फाइली आधी तिकडे कॉपी करायची गरज नाही.

प्रॉक्सीसाठी हँडब्रेक हे व्हिडिओ बदलून देणारं सॉफ्टवेअर दोन्हीकडे मोफत चालतं. एका मशीनवर प्रीसेट (सेटिंगचा संच) बनवून निर्यात करा आणि दुसऱ्यात आयात करा, हाताने दोनदा भरू नका. फ्रेमचा दर मूळ फाइलचाच ठेवा आणि आवाजाचे चॅनलही तितकेच. अंतिम एक्स्पोर्ट मात्र सगळ्या आठ कीर्तनांचा एकाच मशीनवरून करा. दोन वेगळ्या चिपांचे एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारे भाग) सारख्याच आकड्यांवर थोडं वेगळं चित्र देतात, आणि सलग बघणाऱ्याला ते जाणवतं.

सुरुवातीचं शीर्षक ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर तिथे मात्र वाटणी अगदी सहज होते. व्हिडिओ थेट न काढता एकेक चित्र पीएनजी म्हणून शेअर फोल्डरमध्ये काढा, ‘ओव्हरराइट’ बंद ठेवा आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू. दहा सेकंदांचं शीर्षक २५ फ्रेमच्या हिशेबाने २५० चित्रांचं. दोन्ही मशीनवर रेंडर सुरू केलं की जो मोकळा होतो तो पुढचं न झालेलं चित्र उचलतो. ब्लेंडरची आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी.

दोन्ही मशीनची झोप बंद करा, विंडोजचे अपडेट आठवडाभर थांबवा, मॅकबुक चार्जरवर उघडाच ठेवा. यूपीएसवर डेस्कटॉपबरोबर राउटर किंवा स्विचही घ्या. लाइट गेली आणि नुसता स्विच बंद पडला तरी कॉपी अर्धवट राहते. एका वर्षी माझ्याकडे पाचव्या दिवसाची फाइल अशीच अर्धी आली. नाव बरोबर होतं, म्हणून मी कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं, आणि एका वयोवृद्ध महाराजांच्या कीर्तनाची शेवटची वीस मिनिटं गेली. त्यांचं गावातलं ते शेवटचंच कीर्तन ठरलं. तेव्हापासून फाइलींची संख्या आणि एकूण आकार कार्डाशी जुळवतो, प्रत्येक फाइलचा शेवटचा मिनिट चालवून बघतो, दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतो, आणि मगच कार्ड परत कॅमेऱ्यात जातं. यासाठी एक जादा कार्ड आधीच विकत आणून ठेवा, म्हणजे रात्री अकराला पुसायची घाईच उरत नाही.