कोकणातल्या घराची दुरुस्ती स्वतः करताय? या चुका टाळा

गणपती तोंडावर आले की किनाऱ्यावरच्या गावागावांत एकच लगबग सुरू होते. मुंबई-पुण्याची माणसं घरी येणार, म्हणून पडवीतल्या भिंतीवरचे ओलीचे डाग खरवडायचे, वर पुट्टी ओढायची आणि दोन दिवसांत रंगाचे दोन हात मारून टाकायचे. दिवाळीला त्याच जागी पोपडे दिसतात आणि बोल लागतो रंगाला. खरं तर भाद्रपदात भिंत आतून पाण्याने भरलेली असते. ते पाणी पुढे सुकताना बाहेर पडायला बघतं आणि वाटेत आलेला रंग घेऊनच बाहेर पडतं.

कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने खारा वारा असतोच. मोबाइलवर दिसणारे दुरुस्तीचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेतल्या घरांसाठी केलेले असतात. ते जसेच्या तसे गुहागर-मालवणच्या घराला लागू होत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी एक सांगतो: पाणी कुठून येतंय हे सापडेपर्यंत काही भरू नका, लिंपू नका, रंगवू नका.

ओलीचं कारण न शोधता पुट्टी लावणं

ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून वर चढते, वरून किंवा बाजूने पावसाची झिरपते, नाहीतर भिंतीतल्या पाइपची गळती असते. तिघींची चिन्हं वेगळी असतात. जमिनीतून चढलेली ओल साधारण गुडघ्या-कमरेपर्यंत पट्ट्यासारखी दिसते, तिच्या वरच्या काठावर पांढरा क्षार फुटतो आणि ती उन्हाळ्यातही पुरती जात नाही. पावसाची ओल पश्चिमेच्या, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरच्या भिंतीला जास्त असते आणि ऑक्टोबरनंतर ओसरते. पाइपची ओल ऋतू बघत नाही. टाकी भरली, नळ सोडला की डाग गडद होतो.

तरी शंका राहिली तर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आत, भिंतीच्या बाजूला पाणी साचलं तर ओल भिंतीतूनच येतेय. बाहेरच्या बाजूला दव धरलं तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे, आणि तिथे खिडक्या उघड्या ठेवणं हाच उपाय आहे.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीचं एक कारण अलीकडे फार दिसतं. अंगणात आधीच्याच कोब्यावर कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घालत गेल्याने अंगण जोत्याच्या बरोबरीला येतं. जुन्या माणसांनी जोतं उंच बांधलं ते काही हौस म्हणून नव्हतं. पागोळ्यांचं पाणी उसळून भिंतीला लागू नये आणि मातीतली ओल भिंतीच्या चिऱ्यापर्यंत, म्हणजे जांभ्याच्या दगडापर्यंत येऊ नये, यासाठी ती उंची होती. अंगण उंच झालं असेल तर भिंतीलगतचा दीड-दोन फुटांचा पट्टा उकरून खाली घ्या, तिथे खडी भरा आणि पाण्याला घरापासून दूर ढाळ द्या. कुठल्याही महाग रसायनापेक्षा याचा गुण जास्त येतो.

आता रंगाच्या वेळेबद्दल. नवा गिलावा किमान सात दिवस पाणी मारून मुरवावा लागतो आणि त्यानंतर रंगापूर्वी आणखी तीनेक आठवडे सुकू द्यावा लागतो. पावसाळ्यात तो सुकतच नाही. रंगाचं काम माघ-फाल्गुनात, शिमग्याच्या सुमाराला काढा. गणपतीला घर साजरं दिसायला हवं असेल तर भिंत धुऊन नुसता चुना मारा. चुना ओलीला अडवत नाही, स्वस्त पडतो आणि शिमग्याला खरवडून काढायला सोपा जातो. ओलीच्या भिंतीला जिप्समची किंवा पीओपीची पुट्टी मात्र कधीच नको. ती पाणी पिते आणि मऊ पडते.

चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटमध्ये कोंडणं

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. पावसात तो पाणी घेतो आणि उन्हात सोडतो. चुन्यात किंवा मातीत बांधलेली जुनी भिंत अशीच दर वर्षी ओली होऊन सुकत आली आहे. अशा भिंतीला मजबुतीच्या नावाखाली बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा दिला की पाणी सुटायची वाट बंद होते. गिलाव्यात बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पोकळ होऊन पडायला लागतो. पडताना चिऱ्याचा वरचा थरही घेऊन पडतो.

चिरे नुसते उघडे ठेवून दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरणं चांगलं. जुन्या घराच्या दर्जा भरताना चुन्याचाच मसाला वापरा. सैल झालेला मसाला इंच-दीड इंच खोल खरवडा, सांधा धुऊन ओला करा आणि मग भरा. वरवर लिंपलेला सांधा पहिल्या पावसाळ्यात सुटतो. चिऱ्याला चकाकी यावी म्हणून लॅकर मारायची पद्धत आता पर्यटकांच्या घरांत आली आहे. मला ती पटत नाही. लॅकरच्या मागे ओल अडकते आणि ते पांढुरकं होऊन सुटतं. पाणी झटकणारं काही लावायचंच असेल तर सिलेन-सिलोक्सेनचं द्रावण मागा. त्याचा वर पापुद्रा बसत नाही. तेही एप्रिलमध्ये, पूर्ण सुकलेल्या भिंतीला.

स्लॅबच्या गळतीवर आतून उपाय करणं

छताला डाग दिसला की खालून सिमेंट लिंपणारे पुष्कळ भेटतात. पाणी वरून येतंय, तर खालून लिंपून ते थांबेल कसं? ते स्लॅबमध्येच साठतं आणि सळया कुजवतं. शिवाय डाग जिथे दिसतो, त्याच्या नेमकं वर तडा असतोच असं नाही. पाणी आडवं सरकत कुठून तरी खाली उतरतं. वर जाऊन पाहायच्या जागा म्हणजे कठड्याचा सांधा, पाणी जायच्या पाइपचं तोंड, टाकीचे पाय आणि नंतर ठोकलेले डिशचे किंवा सोलरचे बोल्ट.

पाणी साठवून गळती शोधायची पद्धत चांगली आहे, पण वजनाचा विचार करा. १० बाय १० फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी म्हणजे जवळपास पावणेपाचशे किलो. सळया उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर हा प्रयोग करू नका.

तडा भरताना नुसतं सिमेंटचं पाणी ओतलं तर ते सुकताना आकसतं आणि दुपारच्या उन्हात स्लॅब ताणला की तडा पुन्हा उघडतो. तडा इंग्रजी व्ही आकारात रुंद करा, ब्रशने धूळ पूर्ण काढा आणि पॉलिमर मिसळलेला मसाला भरा. ऋतूप्रमाणे उघडझाप करणाऱ्या तड्यात लवचीक सीलंट लागतं. कठड्याच्या कोपऱ्यात गवंडी ज्याला वाटा म्हणतात तो गोल उतार द्या, कारण काटकोनात लावलेलं पाणी अडवणारं कोटिंग तिथेच फाटतं. पाणी निघून जायला दर १०० सेंटिमीटरला किमान एक सेंटिमीटर ढाळ हवा. कोटिंग करायच्या आधी काही दिवस कडक ऊन मिळालेलं हवं, नाहीतर खालची वाफ फुगे आणते.

गंजलेली सळई गिलाव्याने झाकणं

समुद्राजवळच्या घरांतली ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. खारं मीठ काँक्रीटमधून आत मुरतं. खाडीची वाळू न धुता वापरलेली असेल तर ते पहिल्या दिवसापासून आतच असतं. मिठाने सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून काँक्रीट सळईच्या रेषेत फुटतं. ते ढलपे झाकून वर गिलावा केला की दिसायचं थांबतं, गंजायचं थांबत नाही.

हातोडीने हलकेच ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथलं काँक्रीट सुटलेलं समजा. तेवढं सगळं काढा, सळईच्या मागचंही काढा. तारेच्या ब्रशने गंज चमक येईपर्यंत घासा, गंजरोधक थर द्या आणि पॉलिमर मसाल्याने थर थर करून भरा. हे छज्ज्याच्या किंवा खिडकीवरच्या लहान तुकड्यापुरतं. बीम, कॉलम किंवा गॅलरीची सळई बारीक झालेली दिसली तर हात लावू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नवं बांधत असाल तर सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीकडे स्वतः बघा. आयएस ४५६ या भारतीय मानकात सौम्य हवेसाठी २० मिलिमीटर पुरतात, पण किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ४५ लागतात. गवंडी सवयीने २० वरच थांबतो.

कौलं आणि पत्रे

घर शाकारताना कौलाच्या मध्यावर पाय देऊ नका. पाय खाली रीप असेल तिथे द्या, किंवा आडवी फळी टाकून तिच्यावर वजन घ्या. फुटलेल्या कौलाला सिमेंट किंवा डांबर लावून भागत नाही. डाग एका पावसात सुटतो आणि खालचा वासा कुजतो. बदली कौल त्याच कारखान्याच्या छापाचं शोधा. मंगळुरी कौलाच्या खाचा कारखान्यागणिक थोड्या वेगळ्या असतात, आणि न बसलेल्या खाचेतून वाऱ्याबरोबर पाणी आत ढकललं जातं. म्हणून जुनं घर पाडणाऱ्याकडून शे-दोनशे कौलं घेऊन मांगरात ठेवलेली बरी. आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची कौलं, मे महिन्यात एकदा हलवून पाहा.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो घरांची छपरं उडाली. त्यानंतर अनेकांनी कौलं काढून पत्रे घातले. पत्रा वादळात टिकतो की नाही हे मुख्यतः स्क्रूवर ठरतं. नालीदार पत्र्याचा स्क्रू नालीच्या माथ्यावर, रबरी वॉशरसकट बसतो. खोलगटात मारला तर पाणी त्याच्यावरूनच वाहतं. वारा कडेने उचल खातो, म्हणून पागोळीच्या आणि आढ्याच्या रांगेत स्क्रू दाट हवेत. पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्यांनी जस्ताचा थर जळतो आणि कापलेल्या कडेपासून वर्षभरात गंज धरतो. पत्रा कातरच वापरा.

दार फुगलं म्हणून जुलैत रंधा मारणं

आधी बिजागरी बघा, पुष्कळदा तिचे स्क्रू सैल होऊन दार खाली आलेलं असतं. खरंच फुगलं असेल तर कुठे घासतं तिथे पेन्सिलची खूण करा, कडेला मेणबत्ती घासून पावसाळा काढा आणि रंधा नोव्हेंबरनंतर, तोही बेताने मारा. जुलैत मापात बसवलेल्या दाराला मार्चमध्ये बोटभर फट पडते. खरा उपाय वेगळाच आहे: दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला कोणी रंग लावत नाही, आणि पाणी तिथूनच शिरतं. दार उतरवून त्या दोन कडा बंद करा.

बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घ्या. समुद्र अगदी समोर असेल तर एसएस ३१६ मागा, साध्या ३०४ वर तिथे तांबूस डाग येतात.

वाळवीची माती पुसून समाधान मानणं

मातीची वाट झाडून टाकली की वाळवी दुसरी काढते. ती जमिनीतून कुठून चढते ते शोधा. भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडं आणि नारळाची सोडणं आधी हलवा. औषध जमिनीत सोडायचं असेल तर विहीर किती जवळ आहे ते पाहा. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं आणि औषधही त्याच वाटेने विहिरीत जातं. विहिरीजवळच्या भिंतीसाठी वाळवीचं काम करणाऱ्या जाणकाराला बोलवावं. रॉकेल ओतणं हा उपाय नव्हे, ती आगीची तयारी आहे.

पावसात आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून टाकणं

ही चूक जिवावर बेतते. आरसीसीबी म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. घरातला ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी पाऊस सुरू झाल्यावर सारखा पडत असेल तर कुठेतरी वीज गळतेय आणि तो आपलं काम करतोय. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे स्विच, खाली करा, आरसीसीबी चढवा आणि एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला पडेल त्या लाइनवर दोष आहे. बहुतेक वेळा तो अंगणातल्या दिव्यात, विहिरीच्या पंपात किंवा गीझरमध्ये सापडतो, गणपतीत बाहेर टांगलेल्या माळांत तर हमखास. सगळे एमसीबी खाली असतानाही तो पडला तर न्यूट्रलमध्ये दोष असू शकतो, आणि ते काम परवानाधारक वायरमनचं. ओल्या भिंतीला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करा. वायरमन येऊन तपासेपर्यंत तो चालू करू नका आणि मुलांना त्या भिंतीजवळ जाऊ देऊ नका.