मुंबई ते न्यूअर्क: ‘सोळा तास’ म्हणजे नक्की किती?

खानदेशातून इथे न्यू जर्सीला निघालेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: “दादा, विमानाला किती तास?” घ्या उत्तर. मुंबई ते न्यूअर्क (न्यू जर्सीचा विमानतळ) हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला येताना पंधरा-सोळा तास, भारतात परतताना त्याहून कमी, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि परतीला पाठीशी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि वळसा वाढला. त्यामुळे आमच्यासारख्या जुन्या खोडांनी सांगितलेल्या वेळा धरू नका, तिकिटावरची धरा.

खरी गडबड आकाशात होत नाही, तारखेत होते. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि ००:५५ असं असेल, तर ११ तारखेला रात्री नऊच्या आसपास तुम्ही विमानतळावर हवे. ११ ला. बारा तारखेची रात्र नव्हे! चोपड्याकडचा एक पोरगा १२ ला दुपारी ऐटीत कल्याणला उतरला, तेव्हा त्याचं विमान अटलांटिकवर होतं. नवं तिकीट लाखाच्या घरात गेलं, बापाने कापसाचे पैसे मोडले. घरातल्या दोघांना तिकीट वाचायला लावा आणि रेल्वेचं आरक्षण त्यानंतरच करा.

तेही पावसाळ्यात एक दिवस आधीचं. कसारा घाटात दरड आली की भुसावळकडून येणाऱ्या गाड्या नाशिक-इगतपुरीला अडकतात, आणि विमान कुणाची वाट पाहत नाही.

स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते. इथले काही हुशार भाऊ “मी तीस हजार वाचवले” सांगत फिरतात. कितीदा रात्र बाकावर काढली, ते सांगत नाहीत. वाटेत थांबायचंच असेल तर अबुधाबी बरं. अमेरिकेची तपासणी तिथेच उरकते, न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर थेट बाहेर. बाकी बहुतेक ठिकाणांहून आलात आणि अमेरिकेत पुढचं विमान असेल, तर पहिल्याच विमानतळावर बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तीन तास मध्ये ठेवा.

सामानात केळी, भरताची वांगी, बियाणं नको. बिबडे, कुरडया, पापड खुशाल आणा. काळा मसाला मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत पूड अडवतात. फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाण्याचं आहे म्हणून सरळ सांगा. इथला अधिकारी खरं बोलणाऱ्याला सहसा छळत नाही. लपवलेलं सापडलं तर मात्र दंड ठोकतो.

वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. पोचल्यावर आईला फोन करा, ती जागीच असते.

आणि घ्यायला येणाऱ्याला नुसतं “न्यूयॉर्कला उतरतोय” म्हणू नका. न्यूअर्क की जेएफके, ते स्पष्ट कळवा. दोन्हींच्या मधे अख्खं शहर आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी ते ओलांडायला दोन तासही लागतात.