तुसाच्या राखेतील सिलिका : ग्वाल्हेर परिसरातील भातउत्पादकांसाठी हंगामी सल्ला

डबरा आणि भितरवार भागात भाताची कापणी उरकत आली की गव्हाच्या पेरणीची घाई सुरू होते. या घाईत पेंढा शेतातच पेटवला जातो आणि भातगिरणीतले तूस मिळेल त्या भावाने बॉयलरसाठी किंवा वीटभट्टीसाठी उचलले जाते. या दोन्हींत सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग, असते. पण विक्रीयोग्य सिलिका मिळवायची असेल, तर लक्ष तुसाकडे द्यावे.

हिशेब साधा आहे. १०० किलो भात भरडल्यावर सुमारे २० किलो तूस निघते, ते पूर्ण जळाल्यावर सुमारे ४ किलो राख उरते आणि त्या राखेत साधारणपणे ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. पेंढ्याच्या राखेत हे प्रमाण कमी असून पालाश (पोटॅश) जास्त असतो, शिवाय शेतातून गोळा केलेल्या राखेत माती मिसळतेच. म्हणून पेंढा जाळू नये. त्यावर बंदी आहे हे तर झालेच. हेक्टरी ५ टन उत्पन्न देणारे भाताचे पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलते आणि त्याचा मोठा वाटा पेंढ्यातच राहतो. त्यामुळे पेंढा बारीक करून जमिनीत मिसळणे किंवा त्याचे कंपोस्ट करणे हेच फायद्याचे. ताटे ताठ राहण्यास आणि करपा रोगाला तोंड देण्यास भाताला हे सिलिकॉन उपयोगी पडते.

तुसाच्या बाबतीत सर्व काही जाळण्याच्या पद्धतीवर ठरते, आणि चूक बहुधा इथेच होते. सुमारे ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला संथपणे जाळलेल्या तुसाची सिलिका अस्फटिकी, म्हणजे स्फटिकासारखी ठरावीक रचना नसलेली, राहते. ती सच्छिद्र असते व अल्कलीत सहज विरघळते. तापमान ८०० अंशांच्या वर गेले आणि तिथे बराच वेळ राहिले, तर ती स्फटिकी होऊ लागते आणि पुढच्या प्रक्रियेला दाद देत नाही. बॉयलरमधली राख फुकट मिळते म्हणून ती घेण्याचा मोह होतो. परंतु तिच्यात अर्धवट जळालेला कोळसा आणि अतितापलेले कण दोन्ही असू शकतात, म्हणून तपासल्याशिवाय ती घेऊ नये.

तूस आधी पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन उन्हात वाळवावे. धुण्याने माती जाते आणि बराचसा पालाशही निघतो. पालाश राहिला तर तो तापल्यावर सिलिकेला वितळवतो आणि कोळशाचे कण आत अडकून राख काळीच राहते. हे धुण्याचे पाणी कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे. पौषातल्या धुक्यात तूस वाळत नाही, म्हणून हे काम नोव्हेंबरअखेर संपवावे. जाळण्यासाठी मध्यभागी भोके पाडलेली लोखंडी नळी ठेवून तिच्याभोवती ढीग रचावा आणि ज्वाळा न उठू देता तो धुमसत ठेवावा. आधी काळे तूस दिसेल. हवा मिळत राहिली की ते हळूहळू करडे-पांढरे होईल. चिमटीत चोळल्यावर पिठासारखी होणारी राख चांगली. खडे किंवा काचेसारखे गोळे झाले असतील, तर ती बाजूला काढावी.

यापुढचे काम घरच्या अंगणातले नव्हे. राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून सोडियम सिलिकेट करतात, ते गाळून त्यात आम्ल घालतात आणि साका धरलेली सिलिका धुऊन वाळवतात. कॉस्टिक सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये, आणि ॲल्युमिनिअमचे भांडे वापरू नये, कारण त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. माझ्या मते शेतकरी गटाने स्वच्छ राख तयार करण्यापर्यंतच थांबावे आणि ती प्रक्रिया उद्योगाला विकावी. मुख्य कारण सांडपाण्याचे आहे. आम्लाने सिलिका वेगळी केल्यावर सोडियमचे क्षार पाण्यात उरतात, आणि ते पाणी शेतात सोडले तर जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट आणि नापीक, होते.

राख शेतात टाकायची असेल तर आधी मातीचा सामू (पीएच) तपासावा, कारण राख अल्कधर्मी असते. सामू आधीच ८च्या वर असेल तर ती टाकू नये. युरिया किंवा डीएपीमध्ये ती मिसळून ठेवू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. थोडी राख घरीही ठेवावी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतून तूर-मूग राखेत घोळून कोठीत भरत असत, त्यामागे कारण आहे: बारीक कण किड्यांच्या अंगावरचा मेणचट थर खरवडतात आणि किडे सुकून मरतात. बियाण्याच्या कडधान्याला ही राख चालते. खायच्या धान्याला लावली तर ते नीट धुऊन घ्यावे.

राख चाळताना नाकातोंडावर धूळरोधक मास्क बांधावा, नुसता गमछा पुरत नाही. स्फटिकी सिलिकेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो. राख कोरड्या गोण्यांत भरून प्रत्येक ढिगाची गोणी वेगळी ठेवावी आणि विक्रीचा भाव ठरवण्यापूर्वी प्रत्येक ढिगातला अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत पाठवून सिलिकेचे प्रमाण, उरलेला कोळसा आणि अस्फटिकी अंश तपासून घ्यावा.