गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रचारकांचा इतिहास कसा जमवायचा

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांबद्दल पुष्कळ लिहून झालंय, १९०९ ला यावलीत जन्म, १९३५ ला मोझरीला गुरुकुंज आश्रम, १९४२ ला अटक अन् नागपूरच्या जेलमधे, १९५५ ला जपानची विश्वधर्म परिषद, आपल्या नागपूर विद्यापीठाला सुद्धा त्यांचंच नाव आहे. पण त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा प्रचारक म्हणून ज्या माणसानं तुमच्या गावात तीस-तीस वर्षं रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना घेतली, पहाटे रामधून (भजनं म्हणत गावफेरी) काढली, झाडू घेऊन गल्ली साफ केली, त्याचं नाव कुठंच छापलेलं नसते. ते फक्त चार-पाच म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असते. म्हणून हे लिहून राहिलो, कारण मी माझ्या आईच्या गावचं (काटोलकडचं) हे काम केलं आणि दोन वर्षं उशिरा सुरू केलं, तेवढ्यात दोन माणसं गेली.

सुरुवात कागदापासून नका करू, माणसांपासून करा, कागद कुठं पळत नाही. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा, "जय गुरु" म्हणा, बसा, चहा घ्या. आणि पहिला प्रश्न "प्रचारक कोण कोण होते?" असा विचारू नका, त्याला उत्तर "होते बाप्पा खूप" एवढंच येते. त्याऐवजी म्हणा, आजी, तुमच्या लहानपणी प्रार्थनेत कोणतं भजन म्हणत होते? मी एका आजीला हे विचारलं तर ती आधी लाजली, मग तिनं मांडीवर बोटांनी खंजिरीचा ठेका धरला अन् अख्खं भजन म्हटलं, आणि संपल्यावर आपोआप सांगत गेली की हे कोणी शिकवलं, तो कोणत्या गावाहून यायचा, कोणाच्या ओसरीत झोपायचा, त्याला भाकरी कोणत्या घरची जायची. अर्ध्या तासात तीन माणसांची नावं मिळाली. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि पंखा बंद करा, नाहीतर घरी आल्यावर फक्त घरघर ऐकू येते.

आता सालाचा घोळ. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, आणि जबरदस्तीनं विचारलं तर काहीतरी ठोकून देतात. तुम्ही त्यांना खुंट्या द्या: आष्टी-चिमूरच्या आंदोलनाआधी की नंतर (ते ऑगस्ट १९४२), दीक्षाभूमीवर बाबासाहेब आले त्याआधी की नंतर (१४ ऑक्टोबर १९५६), महाराष्ट्र झाला तेव्हा (१ मे १९६०), महाराज गेले तेव्हा (११ ऑक्टोबर १९६८), की बहात्तरच्या दुष्काळात. या पाच खुंट्यांवर जवळपास सगळं टांगता येते. महाराज गेले तो दिवस तर हमखास आठवते, कारण दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते, तिथं जाऊन आलेला माणूस ती वेळ विसरत नाही. जुन्या वहीत शके लिहिलेलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधली तिथी असेल तर ७९.

वह्या! भजनाची वही मागाच, ती बहुतेक घरी पेटीत नाहीतर देवघरात असते. नुसती भजनं बघून लगेच परत देऊ नका, शेवटची पानं उलटवा. मला मिळालेल्या वहीत मागे वर्गणीचा हिशोब होता, कोणी चार आणे, कोणी पायली ज्वारी, कंदिलाचं रॉकेल, आणि खाली प्रचारकाची सही. त्या एका पानावरून कळलं की त्या वर्षी मंडळ कोण चालवत होतं आणि पुण्यतिथीला किती घरं सोबत होती. वही घरी नेऊ नका, तिथंच उजेडात ओट्यावर ठेवून फोटो घ्या. जुने फोटो असतील तर मागची बाजू पण काढा, स्टुडिओचा शिक्का असते कधीकधी.

मग कागद. झेडपी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, त्यात जन्मतारीख अन् बापाचं नाव मिळते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे जुनी कोतवाल पंजी, जन्म-मृत्यूसाठी, तिथं अर्ज करावा लागते आणि दोन-तीन चकरा होतातच, चिडू नका. नागपुरात विदर्भ अभिलेखागार आहे, सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघ आहे, जुने पेपर आणि मासिकं कुठं पाहायला मिळतील ते तिथं विचारा. आणि एकदा मोझरीला जाऊनच या, अमरावती रोडवर आहे, श्रीगुरुदेव मासिकाचे जुने अंक बघायला मिळाले तर शाखांच्या बातम्यांत गावाचं नाव शोधा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. मंडळाचा सगळा भर सर्व धर्म, सर्व जाती एकत्र बसण्यावर, महाराजांनी लिहिलेल्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत गाव हाच देव असंच सांगितलंय. तर मग विचारा की खरंच कोण कोण बसत होतं. फक्त पाटलाच्या वाड्यावर विचारून हा इतिहास लिहू नका. बौद्ध वस्तीत जा, मुसलमान घरी जा, बायकांना वेगळं बसून विचारा. आमच्या गावात एका काकांनी सांगितलं सगळे एका सतरंजीवर बसायचे, आणि वस्तीतल्या एका आजोबांनी सांगितलं आम्ही पारापाशी उभं राहून ऐकायचो, मग एका प्रचारकानं हात धरून आत बसवलं तेव्हापासून बसलो. मी दोन्ही तसंच लिहिलं. त्या हात धरणाऱ्या माणसाचं नाव दोघांनीही एकच सांगितलं, आणि माझ्यासाठी अख्ख्या कामातलं सगळ्यात मोठं सापडणं ते होतं.

लिहिताना प्रत्येक प्रचारकाला निदान एक पान द्या: कुठला, कधी ते कधी, पोटापाण्याचं काय करत होता (बरेच शेतमजूर, शिंपी, मास्तर), काय सुरू केलं, काय बंद पडलं. भांडणं झाली असतील तर तीही लिहा, फक्त जिवंत माणसांचं खासगी काही छापू नका. आणि कोणी सांगितलं ते प्रत्येक गोष्टीपुढे टाका.

झालं की छापण्याआधी प्रार्थनेनंतर गावात मोठ्यानं वाचून दाखवा. मी वाचलं तेव्हा एक काका मधेच उठले, म्हणाले माझ्या बापाचं नाव नाही, तो रोज कंदील घेऊन पुढे चालायचा. खरंच नव्हतं. तिथंच पेनानं लिहिलं. म्हणून छापताना मागची चार पानं कोरी सोडा.