जुना 'कॉलनायझेशन' नव्या लॅपटॉपवर: माझा अनुभव

१९९४ साली मायक्रोप्रोजने काढलेला सिड मायरचा 'कॉलनायझेशन' हा अमेरिकेत युरोपीय वसाहती वसवण्याचा कॉम्प्युटर गेम आता पुन्हा विकत मिळतो, सोबत डॉसबॉक्सही येतो, म्हणजे डॉस या जुन्या प्रणालीवरचे खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम. इथे बडोद्यात, दांडियाबाजारच्या घरी, पुतण्यासाठी तो लॅपटॉपवर घातला. खेळ लगेच सुरू झाला, पण पुतण्या म्हणाला, "काका, ही माणसं अशी बुटकी का?"

त्याचं खरं होतं. डॉसच्या काळातलं ३२० बाय २०० ठिपक्यांचं चित्र ४:३ आकाराच्या मॉनिटरवर पसरायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला २० टक्के जास्त. आजच्या स्क्रीनवर ठिपके चौरस, म्हणून सगळं वरून दाबल्यासारखं दिसतं.

डॉसबॉक्सची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल नोटपॅडमध्ये उघडली. 'रेंडर' विभागात 'अ‍ॅस्पेक्ट'पुढचं 'फॉल्स' काढून 'ट्रू' लिहिलं, 'एसडीएल' विभागात 'आउटपुट'ला 'ओपनजीएल' दिलं. झालं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, ते येऊ द्यावेत. वेग कमी करायला कंट्रोल आणि एफ११, वाढवायला कंट्रोल आणि एफ१२.

जुन्या खेळावर नवी चकचकीत चित्रं चढवणं मला पटत नाही. याचा जीव झाकलेल्या नकाशात आहे: जहाज एक घर पुढे सरकतं नि किनारा उघडतो. मात्र पुतण्याला आधीच सांगितलं, की या 'नव्या' जगात माणसं पूर्वीपासून राहत होती, आणि गुलामांचा व्यापार खेळाने वगळलाच आहे. त्यावर त्याने बरंच विचारलं. सध्या तो डचांकडून खेळतोय; त्यांना सुरुवातीलाच मोठं व्यापारी जहाज मिळतं.